मॉनिटरचे कान

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लेकीला चटकन आपल्या मागे ओढून घेतलं, आणि मग आपण तसं काही केलंच नाही अशा चेहऱ्याने त्या मजल्यांचे लाल आकडे बघत उभ्या राहिल्या. पोरगी नेहमीसारखी माझ्या पिशवीला लटकणारं किल्ल्यांचं जुडगं वाजवायला आली होती. रोज येते. आज बाईंची नजर आधी माझ्या मनगटावर गेली. तिथे आतल्या बाजूला एक तांबडं कडं उठलं आहे, कडेला खपली, मध्ये साफ, पुस्तकात छापावं इतकं नमुनेदार गजकर्ण. एका भटक्या मांजरीच्या पिलाने दिलेली भेट. आमच्या धंद्यात याचं कुणाला काही वाटत नाही. बेकरीवाल्याच्या अंगाला जसा पावाचा वास, तसं आमच्या अंगावर कुठेतरी एखादं कडं. मलम लावायचं, बाही खाली ओढायची आणि कामाला लागायचं. "औषध चालू आहे हो," मी म्हणाले. "छे छे, तसं काही नाही," असं म्हणत त्या आणखी अर्धं पाऊल सरकल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. गजकर्ण लागतं, मुलांना तर पटकन लागतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, वर चार शब्द सुनावले असते ते वेगळेच. हे सगळं कळत असूनही तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा मी बाही बोटांपर्यंत ओढून घेतली होती. केस पिकलेल्या, दोन पोरांना मार्गी लावलेल्या बाईने एवढ्याशा गोष्टीने असं लपावं, याचाच मला जास्त राग आला.

रस्ताभर मी मनगट पिशवीखाली धरून चालले. कुणी बघत नव्हतं. लोकांना आपापल्या विवंचना काय कमी असतात? पण एकदा का आपल्याला कातडी आहे हे आठवलं की ते विसरता येत नाही, चपलेतल्या खड्यासारखं प्रत्येक पावलाला बोलतं. मी प्राथमिक शाळेत असताना माझ्या डाव्या गालावर एक फिकट डाग उमटला होता. आत्या राहायला आली होती, तिने तो हेरला. मला खिडकीशी नेऊन, हनुवटी धरून, इकडून तिकडून पाहून तिने आईला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात एक शब्द सांगितला. मला तो ऐकू आला नाही. ऐकू आला असता तर बरं झालं असतं. न ऐकलेला शब्द वाढेल तेवढा वाढत जातो. दुसऱ्या दिवसापासून माझा पेला वेगळा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी हटकलं नाही, उलट सगळी माझ्याशी साखर घोळून बोलायला लागली, आणि माझा पेला तेवढा फळीच्या टोकाला एकटा. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने सगळ्यांदेखत तो पेला उचलून तोंडाला लावला, घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "पाणी तर तेच आहे." आत्याने कपाळाला हात लावला. मग मला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "कापूस लागला की हो म्हण." गालाला कापूस टेकला, मी हो म्हणाले. पुन्हा टेकला, हो. मग बराच वेळ काहीच नाही. त्या मिटल्या डोळ्यांमागच्या काळोखात मी जिवाचा कान करून वाट बघत होते. कापूस खरंच टेकत नाहीये, की टेकतोय आणि मला कळत नाहीये? खोटंच हो म्हणून टाकावं का? तेवढ्यात डॉक्टर हसले आणि आईला म्हणाले, "काही नाही. आपोआप जाईल." डाग गेला, पेला रांगेत आला. आत्याचा तो शब्द महारोग होता, आणि त्या डागाला स्पर्श कळत नाही, हे मला फार पुढे समजलं. ताई पुढे माणसांच्या कातडीची डॉक्टर झाली, मी जनावरांची. "एकीपुढे लोक रांग लावतात, दुसरीपुढे शेपट्या हलवतात," असं बाबा येईल त्याला सांगत आणि स्वतःच हसत.

खरं तर माझ्यापुढे शेपट्याही हलत नाहीत. जनावरांच्या त्या मोठ्या दवाखान्यात माझी खोली सगळ्यात वर आहे, आणि भुंकणं, हंबरणं, केविलवाणं म्याँव म्याँव तिथपर्यंत पोचता पोचता नुसता गलका होऊन जातं. माझ्यापर्यंत येते ती काच. खाली कुणीतरी गाठीत सुई खुपसून थेंबभर ओढतं, काचेच्या पट्टीवर पसरतं, रंगवतं, आणि ती पट्टी माझ्या भिंगाखाली येते. आधी काच, मग गोष्ट, हा माझा नियम. जनावर कुठलं, गाठ कुठे, मालक किती रडला, हे मी काच बघून होईपर्यंत ऐकत नाही. गोष्ट आधी कळली की डोळा मिंधा होतो, जे बघायचं असतं तेच त्याला दिसायला लागतं. मी हे वर्गातल्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं आणि माझ्या या कोरडेपणाचा मला अभिमान होता. नव्हे, त्यात माझी सोयही होती, हे त्या सकाळी जिने चढताना माझ्या लक्षात आलं. काचेच्या या बाजूला बसलेल्या बाईकडे बघून कुणी पोरीला मागे ओढत नाही. ताई म्हणतेच, "तुझे पेशंट तुला कधी दिसत नाहीत आणि माझे माझी पाठ सोडत नाहीत. नशीबवान आहेस बाई!" ती हे चिडवायला म्हणते, आणि मी आजवर शाबासकी समजून घेत आले होते.

टेबलावर दोन पट्ट्या होत्या, एक रंगवलेली, एक तशीच कोरी. त्या आमच्या सर्जनने ठेवल्या होत्या हे विचारायला नको, कारण कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. तो माझाच जुना विद्यार्थी. पोरंपोरी त्याला पाठीमागे तलवार म्हणतात, आणि आता तोंडावरही. कापाकापीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. कापायला मिळालं नाही की मात्र बेचैन होतो. आमच्याकडे एक शिरस्ता आहे: गाठीच्या कारणाने जनावराला कायमचं झोपवायचं असेल तर दुसऱ्या डोळ्यांनी काच बघून हो म्हटलंच पाहिजे. हे दुसरे डोळे बहुतेक वेळा माझे. मी बसले, भिंग जुळवलं, आणि पहिली गोष्ट माझ्या नजरेत भरली ती काचेवर नव्हती. स्क्रू फिरवणाऱ्या हाताची बाही वर सरकली होती आणि ते तांबडं कडं माझ्याकडे बघत होतं. मी बाही ओढली. पुन्हा भिंगात डोळा घातला. मोठ्या मोठ्या गोल पेशी, दाटीवाटीने बसलेल्या, काही दोन केंद्रकांच्या. निळसर जांभळा पसारा. हा आमचा झटपट रंग. तीन बरण्यांत बुडवा, धुवा, बघा. सगळा दवाखाना त्यावर चालतो. गोल पेशींची, म्हणजे कर्करोगाची, गाठ म्हणावी असंच ते चित्र होतं. पेशींच्या पोटात बारीक बारीक पांढऱ्या रेघाही होत्या, काड्या टाकल्यासारख्या आडव्यातिडव्या. त्या रेघांना रंग नव्हता. रंग नीट बसला नाही की असं होतं. काच नीट पुसली नाही तरी होतं. मी बाही पुन्हा खाली ओढली.

तेवढ्यात तलवार दारात. "मॅडम, बघितलं?"

"बघतेय."

"दोन्ही कानांवर आहेत, पाच-सहा तरी. एकाच वेळी इतक्या, म्हणजे पसरलेलंच. मी दोन्ही कान काढायचं म्हणालो होतो, पण मालकीणबाई नको म्हणतात. झोपवा म्हणतात. आजच, दुपारी."

त्याने माझ्या नियमाचा मुडदा पाडून सगळी गोष्ट सांगून टाकली होती, पण मी त्याला टोकलं नाही. मी सकाळपासून स्वतःच्या मनगटाशी भांडत होते. "तसंच वाटतंय," मी म्हणाले. हे हो नव्हतं. नाहीही नव्हतं. माझ्यासारख्या बाईच्या तोंडी शोभणारं वाक्यच नव्हतं ते. पण तलवारला तेवढं पुरलं. "थँक यू मॅडम," म्हणून तो आला तसा गेला, आणि त्याच्या बुटांचा आवाज जिन्यात विरला तेव्हा मला कळलं की आपण आत्ता एका जिवाला मारायला परवानगी दिली आहे, आणि तीसुद्धा बाही ओढता ओढता.

मी पुढची काच घेतली. कुठल्याशा गाईची होती. काही दिसेना. दिसत होतं ते दोन्ही कानांवर, दोन्ही कानांवर. गाठ पसरते तेव्हा ती आत पसरते, छातीत, पोटात, काखेत. दोन कान तेवढे निवडून ती त्यांच्यावरच का बसावी? आणि त्या रेघा. रंग बसला नाही तर तो सगळीकडेच बसत नाही. या रेघा फक्त पेशींच्या पोटात होत्या, पेशींच्या बाहेर काच स्वच्छ. मी उठले, परत बसले. माझा नियम मला खाली जाऊ देत नव्हता. जनावर बघून आलेला डोळा मिंधा होतो, मीच पोरांना घोकून घेतलं होतं. पण आज काच बघतानाही तो मिंधाच होता, माझ्याच कातडीला मिंधा. मग राहिलं काय? काचेमागून काच बघून कान कळणार नव्हते. ताई काय करते? ती पेशंटला म्हणते, "हात पुढे करा, उजेडात या." मी कपाटातून हातमोजे काढले, बाही मोज्याच्या आत खोचली, कारण गाठी राहिल्या बाजूला आणि माझंच गजकर्ण त्या जनावराला व्हायचं. मी जिना उतरले. किती वर्षांनी रुग्णांच्या दालनात जात होते ते देवाला ठाऊक.

खाली ओल्या फरशीचा आणि घाबरलेल्या जनावरांचा वास होता. बाकावर ताठ बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई, आणि त्यांच्या पायाशी आखूड केसांचा, रुंद छातीचा, तांबूस कुत्रा. दालनातली झाडूवाली बाई त्यांना "हेडबाई, चहा आणू?" असं विचारत होती, आणि त्या "नको, झाला माझा," असं सांगत होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इतकी वर्षं सगळं गाव हेडबाई म्हणत आलं होतं, त्यामुळे इथेही त्यांनी तेच नाव सांगितलं होतं. कुत्रा त्यांच्या पिशवीत तोंड खुपसून बिस्किटाचा पुडा फाडत होता. मी समोर उभी राहताच त्याने पुड्यासकट मान वर केली आणि शेपटी बाकावर बडवली. मला क्षणभर हसू आलं. मरायला टेकलेल्या जनावराचा चोरीत एवढा जीव नसतो.

"मी वरच्या खोलीतली," मी म्हणाले. "याच्या गाठीची काच माझ्याकडे आली आहे. बघू का जरा?"

"बघा. हा मॉनिटर. शाळेच्या फाटकाशी सापडला. वर्गात गडबड झाली की हा आधी भुंकायचा, म्हणून मॉनिटर." मग आवाज न बदलता, "डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलंय. मला एकदा सांगितलेलं समजतं. कान कापायचे आणि महिना-दोन महिने ओढायचे, हे मी त्याच्यावर लादणार नाही. मी मन घट्ट केलंय. आता कुणी ते सैल करू नका."

मी खाली फरशीवर बसले. कानाच्या पाठीमागे, जिथे कानाला घडी पडते तिथे, टणक गाठी होत्या, वाटाण्याएवढ्या, एक-दोन बोराएवढ्या. वरचे केस गेलेले, एक फुटून खपली धरलेली. मी गाठ बोटांत धरली, कुत्र्याने बिस्कीट चघळणं थांबवलं नाही. गळ्याखाली चाचपलं, काखेत चाचपलं. काही नाही. हिरड्या गुलाबी, पोट मऊ, डोळ्यांत लबाडी. मोज्यातूनही त्याच्या कातडीची ऊब लागत होती आणि ती बोटांना इतकी अनोळखी वाटली की मला माझीच कीव आली. "माश्या फार आहेत का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"समोर घोड्यांचा तबेला आहे. दिवसभर याच्या कानांना चावत असतात. का?"

का ते मी सांगितलं नाही. आशा दाखवून काढून घेण्याइतका जाच दुसरा नाही. "मी सांगितल्याशिवाय आत जाऊ नका," मी उठत म्हणाले.

हेडबाईंनी माझ्याकडे वर्गात उशिरा आलेल्या पोरीकडे बघावं तसं पाहिलं. "कोणत्या अधिकाराने?"

"दुसऱ्या डोळ्यांच्या," मी म्हणाले. त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी मॉनिटरला पायाशी ओढून घेतलं.

जिन्यात धाप लागली तेव्हा मी कठड्याला टेकून ताईला फोन लावला. मागे तिच्या दवाखान्याचा गजबजाट ऐकू येत होता. "ताई, एक विचारते. कातडीवर गाठी, झटपट रंगात मोठ्या गोल पेशी आणि पेशींच्या पोटात पांढऱ्या रेघा. काय म्हणशील?" "माणसाची असती तर मी लगेच लाल रंग केला असता," ती म्हणाली. "कुत्र्याचं मला काय विचारतेस? कुत्र्याचं तू मला सांगायचं." मग एकदम, "काय गं, आवाज का असा? रडतेस की काय?" मी म्हणाले, "जिने चढतेय." "वय झालं तुझं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लाल रंगाची बाटली आमच्याकडे गाईगुरांच्या क्षयासाठी असते. ज्या जंतूंच्या अंगावर मेणासारखं कवच असतं त्यांना साधा रंग चढत नाही, झटपट रंग तर त्यांच्या वाटेलाही जात नाही. रंगीत पसाऱ्यात ते तेवढे कोरे राहतात, आणि आम्ही शहाणी माणसं रंगाकडे बघतो, कोऱ्याकडे नाही. तलवारने पेशी पाहिल्या आणि गाठ म्हणाला. मीही पेशीच पाहिल्या. त्या पेशी वाढलेल्या नव्हत्याच, त्या काहीतरी गिळून फुगलेल्या होत्या. असं मला आता वाटत होतं, आणि वाटण्यावर कुणाचं ओझं ठेवता येत नाही. मी कोरी काच स्टँडवर आडवी ठेवली, लाल रंग ओतला आणि खालून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत फिरवायला लागले. इथे घाई चालत नाही. वाफ आली पाहिजे, उकळी येता कामा नये. उकळली की काच गेली, आणि ही एकच कोरी काच होती. ज्योत जवळ न्यायची, वाफ दिसली की काढायची, पुन्हा न्यायची. बाही कोपरापर्यंत दुमडली होती, मनगट उघडं होतं, आणि त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

"मॅडम, हे काय चाललंय?" तलवार. यावेळी त्याच्या बुटांचा आवाजसुद्धा मला आला नव्हता. "त्या बाई आत यायला तयार नाहीत. वरच्या बाईंनी थांबायला सांगितलंय म्हणतात. तुम्ही हो म्हणालात ना सकाळी?"

"मी तसंच वाटतंय म्हणाले."

"तेच ते."

"तेच ते नाही. ते माझं चुकलं, तू नीट विचारलं नाहीस हे तुझं. बस जरा."

तो बसला नाही. "मॅडम, रागावू नका, पण त्यांनी मन घट्ट केलंय. ते एकदाच होतं. उद्या पुन्हा तेच करायला सांगणार त्यांना? तुम्ही वर बसता, तुम्हाला ती तोंडं बघावी लागत नाहीत." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण तो बोलला ते सोळा आणे खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला नाही. मी चुकत असले तर त्या बाईंना मी दोनदा मारत होते. नळाखाली काच धरून मी पाणी सोडलं. मग आम्ल. लाल रंग भराभर उतरायला लागला, मोरीत लाल पाण्याचे ओघळ, काच फिकी, आणखी फिकी, शेवटी जवळजवळ कोरी. कितीही वेळा केलं तरी या क्षणाला सगळंच गेलं असं वाटतं. ज्याला कवच आहे त्याचाच रंग आम्लाला पुरून उरतो, बाकीच्यांचा वाहून जातो. तेच तर बघायचं असतं. निळा रंग घातला, धुतलं, हवेत हलवून वाळवलं. तेलाचा थेंब टाकला, मोठं भिंग खाली आणलं. तलवार माझ्या खांद्याशी उभा होता आणि त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मी डोळा लावला. आधी नुसता निळा धुरळा. स्क्रू किंचित फिरवला. पुन्हा गालाला कापूस टेकायची वाट बघितल्यासारखं झालं. टेकतोय, की मला कळत नाहीये?

टेकला.

लाल. निळ्या पेशीच्या पोटात लाल काडी. तिच्याशेजारी दुसरी. मी काच सरकवली, दुसरी पेशी, तिच्या पोटात काड्यांची जुडीच्या जुडी, आगपेटी सांडल्यासारखी. तिसरी, चौथी. सकाळी जिथे जिथे पांढरी रेघ होती, जिथे काही नाही म्हणून मी नजर काढून घेतली होती, तिथे तिथे आता लाल, लखलखीत, निर्लज्ज लाल. पसरलेली गाठ नव्हती ती, मरण नव्हतं. माशीच्या डंखातून कातडीत शिरलेला एक जंतू होता, जो कानाच्या गारव्यात तेवढा वाढतो, आत कुठे जात नाही, आणि काही महिन्यांत धडधाकट कुत्र्याचं रक्तच त्याचा फडशा पाडतं. पुस्तकात वाचलेलं. आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माझ्या तोंडून एक आवाज आला, तो मी कधी काढेन असं मला वाटलं नव्हतं, खोखोच्या मैदानात पोरी काढतात तसला. "बघ!" मी तलवारला म्हणाले. "बघ रे, बघ!" आणि त्याला अक्षरशः मानेला धरून भिंगाशी बसवलं, त्याच उघड्या मनगटाच्या हाताने. छातीत काहीतरी उसळ्या मारत होतं. मला पंख फुटले होते असंच म्हणायचं. माझी विद्या, माझे डोळे, माझी इतकी वर्षं, सगळी एका थेंबभर तेलात लाल होऊन उभी होती.

तलवार बराच वेळ बघत राहिला. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. कापण्यासारखं काही नाही हे त्याला कळत गेलं तसे त्याचे खांदे खाली येत गेले. मला वाटलं, पोरगं हिरमुसलं. पण त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "मॅडम, इंजेक्शन भरून ठेवलंय मी खाली," तो म्हणाला. "ट्रेमध्ये. फडक्याखाली." मग तो उठला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा त्यांना. मी आधी ते ओतून येतो."

हेडबाई तशाच ताठ बसल्या होत्या. पुडा संपला होता आणि मॉनिटर रिकाम्या पिशवीची झडती घेत होता. मी समोर उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत मालकांशी बोलायची सवय नसल्याने सगळं उलटसुलट सांगितलं, आधी जंतू, मग माश्या, मग लाल रंग, आणि शेवटी मुद्द्याचं. "ही पसरणारी गाठ नाही. तो मरणार नाही. कानही कापायचे नाहीत."

"औषध?"

"माश्यांपासून जपा. खपली साफ ठेवा. खात्रीसाठी एक छोटा तुकडा आम्ही मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवू, दर आठवड्याला दाखवून न्या. बाकी काही नाही. आपोआप बरं होतं हे."

"काही नाही म्हणजे काय?" त्या कडाडल्या. दालनातली जनावरंसुद्धा गप्प झाली. "सकाळपासून मी इथे याला निरोप देतेय. आणि आता काही नाही?"

"काही नाही," मी म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ते मला आवरता येत नव्हतं. "खरंच काही नाही, हेडबाई."

त्या उठल्या. साखळीचा पट्टा दोन वेळा मुठीला गुंडाळला, दोन वेळा सोडला. हात कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. मॉनिटर दाराकडे बघून कुंई कुंई करायला लागला, बाहेर कुठूनतरी दुसऱ्या कुत्र्याचं भुंकणं येत होतं. हेडबाईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर शेकडो पोरींना मधल्या सुट्टीत सोडणाऱ्या त्या बाईने दोन्ही हातांत पट्टा घट्ट धरून, अगदी बारीक आवाजात विचारलं, "जाऊ?"

"जा," मी म्हणाले. "पळा!"

मॉनिटरने हिसका दिला, आणि हेडबाई त्या वयात, सगळ्या दालनादेखत, खरोखरच पळत सुटल्या.